खुंटीवरचा कोट

दादा,

धुरानं तुला नेलं, वहिनीनं मला शपथ घातली आणि मी सिगरेट सोडली. सोडली म्हणजे काय, जीव मेटाकुटीला आलाय. उजव्या कानावर पेन्सिल आहे. डाव्या कानावर सिगरेट असायची, तिथं हात जातो आणि रिकामा परत येतो. रंधा मारताना लवंगा चघळतो. गिऱ्हाईक विचारतं, "मिस्त्री, दात दुखतोय का?" मी म्हणतो, "अक्कलदाढ येतेय, जरा उशिरानं."

फारच तलफ आली की खुंटीवरच्या तुझ्या कोटात तोंड खुपसायचो. धूर, भुसा आणि तू. दोन श्वास घेतले की टपरीकडे निघालेले पाय मागे फिरायचे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

काल कोट खुंटीवर नव्हता. आज वहिनी तो घेऊन आली, धुऊन, कडक इस्त्री करून. म्हणाली, "भाऊजी, याच्या वासानंच तुम्हाला तलफ येत असेल. आता येणार नाही."

घासून घासून तिची बोटं सोलली होती. मी म्हटलं, "बरं केलंत, वहिनी."

ती गेल्यावर कोट नाकाशी धरला. नुसता साबण.

दादा, तिला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझा धाकटा