पेढे वाटून झाल्यावर

मिरजगाव
४ जानेवारी २०२५

चि. संस्कृतीस मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. ज्वारी हुरड्यात आली आहे आणि भाची पुण्याच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या सोयरिका जुळवते आहे. आम्ही सापळे लावायचे, तुम्ही लग्नं लावायची!

फोनवर बोललं की समर्थ शेजारी बसून ऐकतो, म्हणून कागद घेतला. छोटं अक्षर आता त्याला लागत नाही. त्याच्यासारखाच डोळ्याचा पडदा झिजणाऱ्या उंदरांमधला बिघाड कोणत्या गुणसूत्रावर आहे ते सापडलं, असं तू सांगितलंस. मी त्याच दिवशी गल्लीभर पेढे वाटले आणि नगरच्या पांढऱ्या काठीच्या वर्गातून त्याचं नाव काढून आलो. माझं पोरगं बरं होणार, मग हातात काठी कशाला? त्याला पुण्याला कधी आणू, तेवढं कळव. उशीर तर होणार नाही ना?

मामी विचारते, दोष तिच्या माहेरचा की आमच्या घरचा. आम्ही आतेमामेभावंडं, वेगळं कसं काढणार?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
गहिनीनाथमामा

*

पुणे
१३ जानेवारी २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि ताट तसंच ठेवून लिहायला बसले. मामा, औषध सापडलेलं नाही. कोणत्या जोडीची कोणती पिल्लं आंधळी होतात ते पाहत पाहत आम्ही उंदराच्या एका गुणसूत्रापर्यंत पोचलो, एवढंच. मिरजगाव सापडलं, घर नाही. घर सापडलं तरी ते दुरुस्त करणारा मिस्त्री आमच्याकडे नाही. समर्थचा बिघाड तोच आहे की नाही, हेही माहीत नाही.

मामींना सांगा, असा बिघाड बहुतेकदा दोघांकडून थोडा थोडा येतो. दोष कुणाचाच नाही.

पाया पडते, थोडं दिसतंय तोवर त्याला वर्गाला पाठवा. मला याहून जास्त काही करता येत नाही, याची फार लाज वाटते.

रागावा, पण पत्र बंद करू नका.

आपली,
संस्कृती

*

मिरजगाव
२६ जानेवारी २०२५

ती. ताईस समर्थचा सा. न.

दादा रानात गेले आहेत. तुझं पत्र त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. धुण्याच्या वेळी आईला मिळालं, तिनं मला वाचून दाखवलं आणि रडली. मीही रडलो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी विचारलं, तर दादा म्हणाले की ताईनं वर्षभरात औषध येतंय असं लिहिलंय. मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आता चावडीवर लोक औषधाचं विचारतात आणि दादा तारखा सांगतात.

मामेभावासाठी एवढं कर. त्यांना खरं पुन्हा लिहू नकोस, त्यांना ते कळलं आहे. उंदरांची खुशाली तेवढी कळवत जा. वर्गाचं मी आईकरवी पुन्हा विचारलंय. तोवर ते घरी नसले की केरसुणीची दांडी घेऊन ओट्यापासून गोठ्यापर्यंत जातो. परवा ते लवकर परतले. मी दांडी मागं लपवली, तर त्यांनी वाटेतली बादली उचलून बाजूला ठेवली. त्यांना वाटलं, मला दिसलं नाही.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर डोळ्यांना बोल लावू नकोस, अक्षर माझं आधीपासूनच असं आहे.

तुझा,
समर्थ