ओवाळणीच्या ताटातला कागद

२ नोव्हेंबर १९७८, गुरुवार. भाऊबीज.
संध्या. ६ वा. २० मि. नानाला ओवाळलं. त्याने ताटात साडी ठेवली. साडीखाली स्टँपपेपर. हक्कसोडपत्र. बाबांच्या या सक्करदऱ्याच्या घरातला माझा हिस्सा मी 'राजीखुशीने' सोडते आहे म्हणे. निरांजन अजून जळत होतं. पेन विजूने पुढे केलं. नानाचा मुलगा, वकील. इंग्रजी त्याला मीच शिकवलं.
नाना म्हणाला, "सही करून टाक न वं ताई. साऱ्याच बहिणी करतात."
"आधी साडी तरी बरी आणायची होतीस," म्हटलं.
सही केली नाही. कुंकवाचं बोट दोनदा धुतलं. किळस गेली नाही.

३ नोव्हें.
सकाळी ओसरीवर विजू बापाला सांगत होता, "आत्या कॅपिट्युलेट करते, पाहा तुम्ही. जाईल कुठे?"
जाईल कुठे! बत्तीस वर्षं मुली शिकवून या मागच्या खोलीत परत आले. दोन कपाटं पुस्तकं, एक खाट, पेरूकडची खिडकी. कागद तीनदा वाचला. खोलीबद्दल एक अक्षर नाही.

५ नोव्हें.
धाकटी कमल कुहीहून आली. मला समजवायला नानाने बोलावलेली.
"मी तं केली सही, आठ वर्षं झाले. तू काहून भांडून राहिली? माहेर तुटते अशानं."
"भाऊबीजेले बोलावलं होतं का तुले?"
"धान कापणीवर होता."
खोटं बोलणं तिला कधीच जमलं नाही. जाताना तांदळाची पिशवी माझ्या खाटेखाली सरकवून गेली. भावजयीला दाखवली नाही.

७ नोव्हें.
विजूचा शब्द डोक्यातून जाईना. डिक्शनरी काढली. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणत, मूळ पाहिल्याशिवाय शब्द तोंडात घालू नये. लॅटिन कापुत, म्हणजे डोकं. त्यावरून कापितुलुम, मथळा, कलम. कॅपिट्युलेट म्हणजे मुळात कलमं मांडून करार करणं. नुसतं हत्यार टाकणं हा अर्थ मागाहून चिकटला. किल्ला देणारासुद्धा आधी अटी लिहून घ्यायचा. आणि आमच्या घरात साडी दाखवून घर घेतात. शी.
विजूला मागचा अर्धाच अर्थ शिकवला गेला. चूक माझी.

९ नोव्हें.
नानाला पत्र दिलं. त्याच ताटात, न उलगडलेल्या साडीवर ठेवून. नक्कल इथे:

चि. नाना,
कलम १. मागची खोली मरेपर्यंत माझी. तिला कडी आतून.
कलम २. दर भाऊबीजेला कमलला या घरून बोलावणं जाईल. कापणी असो नसो.
कलम ३. वरच्या दोन्ही गोष्टी त्याच स्टँपपेपरवर, तुझ्या आणि विजूच्या सहीने.
हे लिहून आलं तरच मी सहीचा विचार करीन. विचार, एवढंच.
उत्तर ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ६ वा. २० मि. पर्यंत, लेखी. तोंडी चालणार नाही. कमलच्या हाती निरोप तर मुळीच नको.
ताई