माशांच्या बारशाचं गाऱ्हाणं

भांडुप,
नारळी पौर्णिमेनंतरचा पाचवा दिवस, १९८४

तीर्थरूप धोंडूकाकांस,

भांडुपहून लवूचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण आमच्या खोलीत आडवं व्हायला जी एक जागा होती, तिथे आता काचेची पेटी आहे. तिचंच पुढे सांगायचं आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? काकींचा खोकला थांबला का? तांबू व्यायली का? लावणी आटोपली असेल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य मी तुम्हाला प्रत्येक पत्रात लिहीत आलो, पण आजवर पत्राची रीत म्हणून लिहीत होतो. आज खरं आहे, म्हणून पुन्हा लिहितो. आम्ही सगळे खुशाल आहोत.

पाकिटाचा जाडपणा बघून घाबरू नका, बावीचं भांडण उकरायला हे पत्र लिहिलेलं नाही. (बावीचा विषय येणार आहे, पण माशांच्या मागून.) त्या गणपतीत बाबा म्हणाले बावीवर रहाट हवा, तुम्ही म्हणालात पंप हवा, मग तुम्ही म्हणालात बाव माझ्या वाट्याची आहे, आणि बाबा नैवेद्याच्या पानावरून उठले, ते थेट एस.टी.त जाऊन बसले. तेव्हापासून आमच्या घरात बाव हा शब्दच बंद आहे. विहिरीचं नाव काढायची वेळ आलीच तर आई 'ती पाण्याची जागा' म्हणते. भांडुपच्या चाळीत ती वेळ फारशी येत नाही, एवढंच बरं.

आता बाबांचं सांगतो. मागच्या पत्रांत 'बाबा जरा शांत असतात' एवढंच लिहिलं होतं, कारण तुम्हाला घोर लावायचा नव्हता. गिरणीचा संप सुरू झाला तेव्हा बाबा दिवसभर बोलायचे. सभेत कोण काय म्हणालं, मोर्च्यात कोण मागे राहिलं, सगळं आम्हाला जेवताना ऐकावं लागे. मग संप मोडलाही नाही आणि मिटलाही नाही, नुसता विरत गेला, आणि त्याबरोबर बाबांचं बोलणंही. आधी गिरणीबद्दल बोलेनासे झाले, मग कशाबद्दलच. कपाट आणि मोरी यांच्यामध्ये स्टूल टाकून भिंतीकडे तोंड करून बसायचे. चहा हवा का विचारलं तर मान हलायची. एकदा नलिनीच्या हातून आमटीत मीठ दोनदा पडलं. (आमटीत मीठ कणभर कमी पडलं म्हणून पूर्वी घर डोक्यावर घेणारे आपले बाबा!) ती खारट आमटी त्यांनी निमूट संपवली, आणि नलिनी मोरीत जाऊन रडली. म्हणाली, अहो, ते ओरडले का नाहीत? डॉक्टरांनी घसा तपासला, घसा उत्तम. काका, मी घाबरलो होतो. बाप समोर स्टुलावर बसलेला असताना तो आपल्याला सोडून गेला की काय, असं वाटायचं.

अशात मासे आले. वरच्या मजल्यावर श्यामकांत म्हणून बँकेतले गृहस्थ राहतात, मूळचे नागपूरचे, अतिशय सज्जन. त्यांच्या बायकोने एक भटकी मांजर पाळली. घरात आधीपासून माशांची पेटी. मांजर दिवसभर पेटीपुढे बसून जिभल्या चाटू लागली, तेव्हा श्यामकांत पेटी उचलून आमच्याकडे घेऊन आले. (मांजरापासून वाचवायला मासे मालवणी माणसाच्या घरात आणून ठेवणारा हा पृथ्वीवरचा पहिला माणूस असावा.) पेटीत मासे पाच. दोन लाल, दोन काळे, आणि एक चपटा, पट्ट्यापट्ट्यांचा. आईने झाकण उचललं, चपट्याकडे निरखून बघितलं आणि मला विचारलं, "ह्यां पापलेट येवढां बारीक कशाक आणलंस?" हे खायचे नाहीत, नुसते बघायचे, असं समजावलं, तर तिला नवाच पेच पडला. श्रावणी सोमवारी मासे बघितलेले चालतात का? शेवटी सोमवारी पेटीवर टॉवेल घालायचं ठरलं. श्रावण होता म्हणून मासे निभावले, पण श्रावण काही वर्षभर पुरत नाही.

यावर नलिनीने तोड काढली. तिच्या माहेरी मानखुर्दला एक कोंबडा होता. कुणीतरी त्याचं नाव ठेवलं, आणि नाव ठेवलेल्या कोंबड्यावर सुरी चालवायला कुणी तयार होईना, तेव्हा तो म्हातारा होऊन आपल्या मरणाने मेला. तर माशांचीही नावं ठेवू या, आणि पाण्यातले जीव आहेत तर नावंही पाण्याचीच ठेवू या, असं तिचं म्हणणं. इथपर्यंत सगळं झकास होतं.

पहिल्यांदा तिने तलावांची नावं काढली. तानसा, वैतरणा, विहार, तुळशी, पवई. अख्ख्या मुंबईचं पाणी आमच्या भांडुपला गाळून पुढे जातं, आणि आमच्याच नळाला ते सकाळी घटकाभर येतं, तेही आल्यासारखं करून जातं. नळात दिसत नाहीत ते तलाव निदान पेटीत दिसतील, असा तिचा हिशेब. आईने पहिल्याच फटक्यात दोन नावं उडवली. मेल्यावर जी नदी ओलांडायची तिच्या नावाच्या माशाला मी रोज खाऊ घालणार नाही, आणि ज्या तुळशीला सकाळी पाणी घालते तिला पाण्यात बुडवून ठेवणार नाही. मग श्यामकांतांनी नद्या सुचवल्या. गोदावरी म्हणताच आई पदर सावरून उठून उभी राहिली. आजीचं नाव गोदावरी, आणि सासूचं नाव सून तोंडाने घेत नाही. मासा भुकेला आहे हे सांगायचं तर 'त्यांनी अजून खाल्लं नाही' असं म्हणावं लागलं असतं. यमुना म्हटलं तर तळमजल्यावरच्या यमुनाबाईंना राग येणार. शेवटी श्यामकांतांनी शाळेत पाठ केलेले पाण्याचे संस्कृत शब्द काढले. सलिल, तोय, नीर, उदक. उदक ऐकल्यावर आईने दोन्ही कानांवर हात ठेवले. उदक आपल्याकडे कुठल्या प्रसंगी सोडतात ते त्या बिचाऱ्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग आईने निकाल दिला. आपल्या घरात लोखंडी कपाट आलं तेव्हासुद्धा गाऱ्हाणं घातलं होतं, तर जित्याजागत्या जिवांची नावं अशी चहा पिता पिता कशी ठेवता? नारळी पौर्णिमेला नारळ आणायचाच आहे, त्या दिवशी देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि मग नावं. श्यामकांतांना गाऱ्हाणं म्हणजे तक्रार वाटली. देवापुढे उभं राहून सगळ्या राखणदारांना हाक मारायची, घरादाराचं मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं, हे त्यांना समजावून दिलं. पण घालायचं कुणी? मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. नलिनीने नारळ बाबांच्या पुढ्यात नेऊन ठेवला. बाबांनी नारळाकडे बघितलं, पाय जरा आवरून घेतले, आणि पुन्हा भिंत.

राहिलो मी. काका, तुम्हाला ठाऊक आहे, मी उभ्या जन्मात गाऱ्हाण्याला मागे उभा राहून 'होय म्हाराजा' एवढंच म्हटलं आहे, आणि तेही बऱ्याचदा आधीच. तरी नारळ हातात धरून उघड्या पेटीसमोर उभा राहिलो. रवळनाथाचं नाव घेतलं, सातेरीचं घेतलं. पुढे आठवेना. मग सुचेल ते घेत गेलो. नळाला जोर दे म्हाराजा, चाळीची टाकी भरून वाहू दे म्हाराजा, विक्रोळीच्या कंपनीत माझी पाळी बदलू दे म्हाराजा. आई आणि नलिनी 'होय म्हाराजा' म्हणत होत्या, श्यामकांत हात जोडून अदबीने 'जी महाराज' म्हणत होते. शेवटी चुकलंमाकलं सांभाळून घे म्हटलं आणि नारळ फोडायला हात वर नेला, तोच स्टुलावरून आवाज आला.

"थांब रे मेल्या!"

नारळ हातातून सुटला तो थेट पेटीत. उसळलेलं अर्धं पाणी माझ्या अंगावर, उरलेलं श्यामकांतांच्या. काच फुटली नाही ही सातेरीची कृपा. मासे तळाशी जाऊन चिकटले. पण माशांकडे बघतो कोण! बाबा उभे होते, तोंड आमच्याकडे करून. "पाण्याचा गाऱ्हाणा घालतंस आणि बावीच्या राखणदाराकच इसारतंस? पयलो नारळ तेचो! गाऱ्हाणा घालतंस काय रेडियोवर बातम्यो वाचतंस?"

बाव म्हणाले, काका. स्वतःच्या तोंडाने बाव म्हणाले.

बाबांनी पेटीत हात घालून नारळ बाहेर काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, आणि सुरू झाले. मागांच्या खडखडाटातून पलीकडच्या माणसाला हाक मारायचा त्यांचा आवाज तुम्हाला आठवत असेल. तसाच, त्यात काही कमी झालेलं नाही. आपल्या गावचं एकूण एक पाणी त्यांनी सड्यावरून खाली उतरत उतरत बोलावलं, प्रत्येक पाण्याच्या राखणदाराला हाक मारली आणि बोट दाखवून एकेक मासा त्याच्या स्वाधीन केला. चपटा आडवा पडून असतो, ती सड्यावरची तळी. लाल दोघं घटकाभर स्वस्थ बसत नाहीत, ते झरो आणि वाहता व्हाळ. मोठा काळा तो नदीतला खोल कोंड. आम्ही 'होय म्हाराजा' म्हणत गेलो. तिसऱ्या माशाला श्यामकांतांनाही सूर सापडला, आणि ते इतक्या जोरात 'होय म्हाराजा' म्हणाले की वर त्यांची मांजर ओरडली.

उरला धाकटा काळा. तो पेटीत आल्यापासून कोपऱ्याकडे तोंड करून बसलेला असतो. बाबा वाकून काचेजवळ गेले. मग म्हणाले, "ही बाव. वरसून काय दिसना नाय, पण आत पाणी आसा."

आणि पुढे जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो. "बा राखणदारा, माझो धाकटो भाव धोंडू, तेचो गुडघो बरो कर. तेच्या बावीक बारा म्हयने पाणी ऱ्हवांदे."

तेच्या बावीक म्हणाले, काका. मी शेजारीच उभा होतो. माझं 'होय म्हाराजा' राहूनच गेलं. आई म्हणाली, आणि दोनदा म्हणाली. तुमच्या गुडघ्याचं त्यांना कसं कळलं, याचा मी नंतर विचार करत बसलो. तुमची पत्रं मी आईला वाचून दाखवायचो, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसलेले असत. मला वाटायचं त्यांच्या कानावर काही पडत नाही. त्यांनी शब्दन्‌शब्द ऐकला होता.

आता एकच अडचण आहे, ती म्हणजे बाबा थांबत नाहीत. मनात साठवून ठेवलेलं सगळं बाहेर येतं आहे. त्या दिवशीची आमटी खारट होती, नलिनीच्या भावाच्या लग्नात वडे कच्चे होते, मी मिशी ठेवल्यापासून वाण्यासारखा दिसतो. काल आमटीवरून ओरडले तेव्हा नलिनी हसत सुटली, त्यावरून पुन्हा ओरडले. रात्री ती मला हळूच म्हणाली, अहो, थोडं कमी बोलले तरी चालेल हं आता. पण हे बोलणारे बाबा ती कुणालाही परत करायला तयार नाही. स्टूल पेटीसमोर आलं आहे. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, काका. तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना, म्हणून हा सगळा पसारा लिहिला.

काकींच्या पायांवर आमची सगळ्यांची डोकी समजावीत. तांबूला एक घास आमच्या नावाचा घाला.

तुमचा,
लवू

ता. क. : श्यामकांतांची मांजर काल आपणहून निघून गेली, तेव्हा ते पेटी परत न्यायला आले होते. बाबांनी त्यांना सांगितलं की गाऱ्हाण्यात नाव घेतलेलं माणूस घरातून जात नाही, आणि तुम्ही स्वतः 'होय म्हाराजा' म्हणालात. श्यामकांत चहा पिऊन परत गेले.

दुसरा ता. क. : खरं म्हणजे पत्र याच्यासाठी लिहिलं. गणपती तोंडावर आले आहेत. बाबा तोंडाने काही म्हणत नाहीत, पण काल माळ्यावरची ट्रंक खाली काढून पुसून ठेवली आहे. ते आपणहून यायचे नाहीत, तुम्ही दोघे भाऊ एकाच मातीचे. तेव्हा त्यांच्या नावाने एक कार्ड टाका. 'दादा, गणपतीला ये' एवढं पुरे. माझ्या पत्राचा उल्लेख नको, तुमच्या मनात आलं म्हणून लिहिलं असं वाटू द्या.

तिसरा ता. क. : मी डिंक आणायला गेलो होतो तेवढ्यात हे पत्र बाबांनी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांचं म्हणणं, पत्र लांबलं आहे, आणि रहाटाच्या बाबतीत अजूनही त्यांचंच बरोबर आहे. शिवाय लिहायला सांगितलं आहे की बावीत मासा नसला की पाणी मरतं, तेव्हा धाकटा काळा कळशीत घालून आणायचा आणि तुमच्या बावीत सोडायचा, तुमची परवानगी असेल तर. मी विचारलं, काका नको म्हणाले तर? बाबा म्हणाले, "माका नको म्हणात धोंडू. माशाक कसो म्हणतलो?" तेव्हा काका, कार्ड माशाच्याच नावाने टाका. पत्ता तोच.