नव्या घरी गेलेलं सिम

३ मार्च, सोमवार

फोन मेला. आणि मेला तोही कुठल्या क्षणी! ताईचा निरोप वाचला, उत्तर लिहायला बोट टेकवलं, आणि पडदा काळाठिक्कर. चार्जरची वायर वाकवून पाहिली, दाबून पाहिली, उलटी करून पाहिली. ढिम्म!

निरोप तेवढा पाठ झालाय. 'चिंगे, एक सांगायचंय. एका माणसानं मला लग्नाचं विचारलंय. हसू नकोस. मला आवडलेत ते. पण तू हो म्हणालीस तरच. इतक्यात कोणाला बोलू नकोस.'

एकसष्टावं चालू आहे तिला! भावोजी गेल्यापासून एकटी राहतेय, कधी तक्रार नाही, कधी काही नाही, आणि आता एकदम हे.

मी हसले नाही. घाबरले. जूनमध्ये मी निवृत्त होणार, ही भाड्याची खोली सोडणार आणि कायमची ताईकडे राहायला जाणार, हे आमचं केव्हाचं ठरलंय. वरची खोली माझी. खिडकीला पडदे कुठल्या रंगाचे, इथपर्यंत आमची भांडणं होऊन गेलीत. मग हा कोण बाबा मध्येच उपटला?

४ मार्च

मालकांना सांगितलं, फोन गेला. त्यांनी कपाटातून एक कोरा फोन काढून दिला. 'निवृत्तीची भेट समजा, आगाऊ.' चष्म्याच्या दुकानात जन्म गेला माझा काचा घासण्यात, पण मालकांना असं विरघळलेलं फारसं पाहिलं नव्हतं. मी लगेच घेतला, त्यांचा विचार बदलायच्या आत.

फोन मात्र दुसऱ्या घराण्याचा निघाला. फोनची दोन घराणी असतात म्हणे, आणि त्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार नाही. याचा चार्जर त्याला नाही, त्याचं ॲप याला नाही. मी आणि ताईनं एकाच दिवशी, एकाच दुकानातून, अगदी सारखे फोन घेतले होते. आता तिचं घराणं वेगळं, माझं वेगळं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा माझ्या टेबलावर शस्त्रक्रिया केली. फोनच्या कडेला बारीक भोक असतं, त्यात टाचणी खुपसली की ट्रे बाहेर येतो. माझ्याकडे फ्रेमचे स्क्रू काढायची हत्यारं आहेतच, टाचणी कशाला शोधू? सिम चिमट्यात धरलं आणि भिंगाखाली घातलं. काय सुंदर चीज आहे! सोन्याच्या पत्र्यावर बारीक रेषा, एखाद्या छोट्या गावाचा वरून काढलेला नकाशा असावा तशा. नखाएवढं ते. आणि त्यात मी!

म्हणजे माझा नंबर. शिंकले असते तर मी उडून जिन्याखाली गेले असते.

नव्या फोनात बसवलं. पडद्यावर कंपनीचं नाव आलं, दांड्या आल्या. मालकांना त्यांच्या फोनवरून फोन करायला लावला. वाजला! चार हात लांब उभे राहून आम्ही दोघं 'हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?' करत बसलो.

मग ताईला लिहिलं. 'कोण? कुठले? काय करतात? किती वय? तुला वेड लागलंय का?' पाठवल्यावर वाटलं, शेवटचं वाक्य काढायला हवं होतं.

५ मार्च

माणसं आली नाहीत! सिमबरोबर सगळी नावं येतील अशा भ्रमात होते मी. ती म्हणे जुन्या फोनातच राहिली. सिमबरोबर फक्त नंबर येतो, आणि तो कोणाचा? माझाच. बाकी सगळं मागे राहतं. आता कोणीही फोन केला की नुसते आकडे दिसतात. सकाळी एका आकड्याला मी 'कोण बोलतंय?' विचारलं, तर माझी घरमालकीण! बाई रुसल्या.

ताईचा नंबर तोंडपाठ आहे, म्हणून ठीक.

तिचं उत्तर नाही.

८ मार्च

नाहीच.

९ मार्च, रविवार

आज नुसते प्रयोग. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेकडून तिचा जुना बटणांचा फोन मागून आणला. त्याची खाच एवढी मोठी की माझं सिम आत बुडालं. पूर्वी सिम मोठी असायची, शिक्षिका सांगत होती, मग कातरत कातरत इतकी झाली. तिनं प्लॅस्टिकची एक चौकट दिली. त्या चौकटीत आपलं सिम बसवायचं आणि चौकट फोनात. म्हातारपणी लहानपणचा फ्रॉक घालता येत नाही, पण लहान माणसाला मोठा कोट चालतो, तसं. बसलं! बटणांच्या फोनातही मी आले.

मग तिच्या रोजच्या फोनात घातलं. तिथेही मी. पुन्हा माझ्या. 'तुम्हाला कंटाळा नाही येत?' शिक्षिका म्हणाली. कसला कंटाळा! चार दारं, एक किल्ली.

हे सगळं ताईला लिहायला हवं होतं. एरवी लगेच लिहिलं असतं, आणि ती म्हणाली असती, 'चिंगे, सगळं खोलून बघायची तुझी खोड कधी जायची?' आज नाही लिहिलं. ती उत्तर देत नाही तर मी का गमती सांगू?

फोन लावून उपयोग नाही. ताईला फोनवर ऐकूच येत नाही आताशा. समोर बसलं, ओठ दिसले, की सगळं कळतं. फोन कानाला लावला की नुसतं 'अं? अं?'. म्हणून आमचं सगळं लिहून. सगळं जग वापरतं ते चॅटचं ॲपही तिनं उडवून टाकलंय. 'लोक रोज सकाळी फुलं पाठवतात. पुसून पुसून अंगठा दुखतो.'

'वेड लागलंय का' यावरून धरून बसली असणार. नक्की.

१२ मार्च

नमतं घेतलं. लिहिलं, 'ताई, कोण आहेत ते तरी सांग. नाव-गाव काही?'

संध्याकाळपर्यंत दर पाच मिनिटांनी फोन बघत होते. एका गिऱ्हाइकाचं डावं भिंग उजवीकडे बसवलं.

१५ मार्च

उत्तर नाही. आता मीही लिहिणार नाही. बघू कोण आधी बोलतं!

१६ मार्च, रविवार

पण कोण असेल?

खरंच, रागापेक्षा हेच जास्त छळतंय. मिशा असतील का? ताईला मिशा आवडत नाहीत. भावोजींनी लग्नाआधी काढल्या होत्या. निवृत्त असेल की काम करत असेल? तिला भेटला कुठे? ती तर बाजारात जाते, वाचनालयात जाते आणि कानाच्या दवाखान्यात जाते. वाचनालयातला असेल तर पुस्तकं परत न करणारा असू नये. तिच्याशी बोलताना हा ओरडत असेल का? सगळे ओरडतात. ती मग खोटं खोटं हसते, कळल्यासारखं. मी ओळखते ते हसू.

चांगला असेल तर? तर असो. चांगला असावा असं वाटतं. आणि वरची खोली माझी असावी असंही वाटतं. दोन्ही वाटतं. काय करू?

१९ मार्च

राहवलं नाही. लिहिलं, 'काय काम करतात ते? एवढं तरी सांग. भांडत नाहीये, विचारतेय.'

नाही. काही नाही. इतकी कशी दगड झाली ही?

२० मार्च, गुरुवार

काहीतरी भलतंच आहे!

डोळे तपासणाऱ्या मॅडम गुरुवारी दुकानात येतात. आज चिडून म्हणाल्या, 'तुम्ही निरोपांना उत्तरं का देत नाही? एका पेशंटची फ्रेम बदलायला दोनदा लिहिलं तुम्हाला.' मी म्हटलं, मला एक नाही आला. त्यांनी दाखवलं. गेलेला दिसत होता. माझ्याच नंबरवर!

मग मी मागेच लागले. मालकांना म्हटलं, पाठवा. त्यांचा आला. मॅडमना म्हटलं, पाठवा. त्यांचा नाही. पुन्हा मालक. आला. पुन्हा मॅडम. नाही. मॅडमचा फोन हातात घेऊन पाहिला, तर तो माझ्या जुन्या घराण्याचा! आणि मालकांचा माझ्या नव्या.

शेवटी मॅडमनी त्यांच्या भाच्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला त्याचा अर्थ असा: त्या घराण्याचे फोन एकमेकांना निरोप देतात ते साध्या वाटेनं नाही, घरातल्या घरात, आतल्या वाटेनं. माझा नंबर त्यांच्या घरात अजून नांदतोय असं ते समजतात. सिम काढायच्या आधी जुन्या फोनातून सांगून निघायचं असतं. मी कसली सांगतेय? फोन मेलेला! लग्न होऊन गेलेल्या मुलीची पत्रं माहेरीच येत राहावीत, तशी गत. मी लिहिलेलं तिकडे पोचतंय. तिकडून आलेलं माझ्या मेलेल्या फोनाच्या दारात पडून आहे.

आणि ताईचा फोन कुठल्या घराण्याचा?



२१ मार्च

जुना फोन दुकानात नेला. पुन्हा वायर लावली, पुन्हा ढिम्म. मग म्हटलं, इतकी वर्षं मी डोळ्यांच्या कामात, आणि एकदाही आत बघितलं नाही? चार्जरच्या भोकावर भिंग धरलं. आत राखाडी काहीतरी दाबून बसलेलं. सगळ्यात बारीक चिमट्यानं ओढलं तर पर्समधल्या धुळीचा, धाग्यांचा हा एवढा बोळा निघाला! वायर लावली. पडदा उजळला.

फोन मेलाच नव्हता. त्याचा नुसता घसा बसला होता.

दुकानाचं वायफाय जोडलं आणि टेबलावर ठेवला. थोडा वेळ शांत. मग वाजायला लागला तो वाजतच सुटला. मॅडमचे दोन. आणि ताई, ताई, ताई.

पाचला तिनं लिहिलंय: 'किती प्रश्न! सांगते. माझ्या कानाच्या यंत्रासाठी साचा घेतला ना, ते साचे बनवतात ते. बसस्टँडमागे दुकान आहे. पासष्टचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्याशी बोलायचं असलं की आधी समोर येऊन उभे राहतात, मग बोलतात. ओरडत नाहीत. चिंगे, असं अजून कोणी केलं नव्हतं. आणि वरची खोली तुझीच, हे त्यांनीच आधी म्हटलं. आता बोल.'

त्याच दिवशी आणखी एक: 'तुझे निरोप वेगळ्याच रंगात येताहेत. रागाचा रंग आहे का हा?'

बाराला: 'सांगितलं की सगळं! परत का विचारतेस?'

आणि परवाचा, एकोणीसचा: 'तिसऱ्यांदा तेच. कळलं मला. तुला पटत नसलं की तू ऐकलंच नाही असं दाखवतेस. त्यांना मी 'नाही' म्हणून कळवलंय. वरच्या खोलीला रंग देऊन घेतला. तू जूनमध्ये ये.'

वाचून पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहिते, इथे कोण बघतंय? सुटले, असं वाटलं. क्षणभरच. मग 'आधी समोर येऊन उभे राहतात' हे वाक्य पुन्हा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि रडायला आलं. मालक म्हणाले, 'काय झालं?' मी म्हटलं, 'फोन चालू झाला.'

ताईला काय लिहू? 'अगं, फोनाची दोन घराणी असतात' इथून सुरू करू? तिला वाटेल, चिंगी आता काहीही थापा मारतेय. लिहिणं पुरे झालं. उद्याची सुट्टी मागितली. सकाळच्या बसनं निघतेय. आधी ताईकडे नाही, आधी बसस्टँडमागे जाणार. ज्यांना माझ्यामुळे नकार गेला त्यांना आधी दोन्ही फोन दाखवीन.

२२ मार्च, शनिवार

त्यांच्या दुकानात, बाकावर बसून लिहितेय. मिशा नाहीत.

त्यांनी दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून सगळं वाचलं. शेवटच्या निरोपावर थांबले. माझ्या समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, 'नकार? मला कुठे दिलाय नकार? मला म्हणाल्या, चिंगीला मी एक निरोप पाठवलाय, तिचं उत्तर येईपर्यंत थांबा.'

म्हणजे नकाराची थाप मारून ताई मला जोखत होती. तो निरोप त्याच दिवशी माझ्या हातात पडला असता तर मी एका मिनिटात काय लिहिलं असतं ते मला माहीत आहे. 'बरं केलंस.'

आतल्या गिऱ्हाइकाचा कान आटोपला की आम्ही दोघं तिच्याकडे निघतोय.