गोल खोलीचा गिलावा

३ ऑक्टोबर, मंगळवार

कालव्यावरची जुनी सराई आतून बघितली. एकटीनं! माझ्या वरिष्ठ मकॅस्किल बाईंनी इमारत-तपासणीच्या ऑफिसात किल्ली हातात दिली आणि म्हणाल्या, ह्या वेळी मी मागे उभी राहणार नाही. घरी आई म्हणाली, आपल्यात कॉलेजात गेलेली तू पहिली, नीट बघ. नीटच बघते. त्याचीच भीती वाटते.

रस्त्याकडून सराई दुमजली, कालव्याकडून तिमजली, कारण उतारावर बांधलेली. तळाला नावा ओढणाऱ्या घोड्यांची पागा, वर माणसं. टोकाला बुरुजासारखी गोल खोली — दोन्हीकडून येणारी नाव मालकाला शेगडीपाशी बसूनच दिसावी म्हणून. असं आता कुणी बांधणार नाही. आत्ताच्या मालकाला, लॉरिमरला, अख्खी सराई पाडायचीय. म्हणतो, म्हातारी झालीय, कुणाच्या तरी डोक्यावर पडेल. कौन्सिलनं आमच्याकडून अहवाल मागवलाय. मी लिहीन त्यावर ठरणार.

गोल खोलीची भिंत ओलीचिंब.

५ ऑक्टोबर, गुरुवार

बाहेरून खाली, हात पोचतो तिथे, गिलाव्याचा एक तुकडा काढला. सिमेंट लोखंडासारखं. मागचा दगड मात्र ओल्या वाळूसारखा बोटांनी निघाला. मूळची भिंत चुन्यात रचलेली. ती पाणी पिते आणि वाऱ्यावर सोडून देते. वर सिमेंट थापल्यामुळे पाणी आतच कोंडलं. बत्तीस वर्षं.

सिमेंट कुणी थापलं ते गावाला ठाऊक आहे. बाबांनी. लहानपणी रविवारी पुलावर उभं करून दाखवायचे — ही भिंत ह्या हातांनी केलीय.

७ ऑक्टोबर, शनिवार

बाबा पबमध्ये सांगून आलेत, माझी मुलगी माझी भिंत तपासतेय. त्यांचा तिथला दोस्त शग म्हणाला म्हणे, ‘काय तपासणार ती? बाँब पडला तरी तुझा गिलावा शाबूत राहील, आतली सराई जाईल!’ बाबा हसत हसत सांगत होते. मी सूपच्या वाटीत बघत बसले.

१० ऑक्टोबर, मंगळवार

सराई वयानं खचली असं लिहिलं, तर लॉरिमर पाडणार. गिलाव्यानं खचली असं लिहिलं, तर दोष काढता येण्यासारखा आहे — सिमेंट उतरवा, भिंत वाळू द्या, चुना भरा. मग पाडायची परवानगी मिळणार नाही.

म्हणजे बाबांना वाचवलं तर सराई जाते.

मकॅस्किल बाई म्हणाल्या, ‘काय झालं ते लिही, ऊना. कुणी केलं ते लिहायचं नसतं.’ त्या बाहेरच्या, फॉल्कर्क शहरातल्या. आमच्या गावात ही दोन वेगळी नाहीत.

११ ऑक्टोबर

दिवसभर गिलाव्याचं ते एकच वाक्य. बदललं, सौम्य केलं, पुन्हा होतं तसं केलं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

अहवाल पाठवण्याआधी बाबांना सांगायलाच हवं होतं. बाबा सिंकपाशी बटाटे सोलत होते. सांगितलं. सुरी थांबली.

‘म्हणजे मी बिघडवली.’

‘तेव्हा सगळेच सिमेंट वापरायचे, बाबा. लोकांना तेच चांगलं वाटायचं.’

‘सगळ्यांचं नाही विचारलं मी.’

‘हो. त्यानंच बिघडली.’

‘लिहिलंस?’

‘लिहिलंय.’

‘मग पाठव,’ म्हणाले, आणि सोललेलाच बटाटा पुन्हा सोलत राहिले.

पाठवला.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

परवानगी नाकारली. लॉरिमरनं गिलावा उतरवून भिंत दुरुस्त करायची असा हुकूम. ऑफिसात बाईंनी केक आणला. सराई वाचली! मी एक घास खाल्ला.

बाबा पबमध्ये जात नाहीत. दुकानात जायलासुद्धा कालव्याचा रस्ता सोडून चर्चमागून जातात. आई माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. काल म्हणाली, ‘एवढं शिकवलं ते ह्यासाठी होय?’ खरंच माहीत नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

परांची बांधून झाली. वरून खाली उतरवत येणार. भर दुपारी पुलावर उभी राहून पाहिलं. सिमेंटच्या लाद्या पाण्यात पडताना मोठा आवाज होतो. आमच्या घरापर्यंत येतो.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

गोल खोली पडली. निम्मा गिलावा निघाला तशी आतल्या आत बसली, मागोमाग छप्पर. माणसं जेवायला उतरली होती म्हणून वाचली. वरच्या भागात दगडांमधला चुना उरलाच नव्हता. दगडांना बाबांच्या सिमेंटनंच आवळून धरलं होतं. वर चढून मी बघितलंच नाही. आधी टेकू द्या, एवढंच लिहायला हवं होतं. बाबांच्या गिलाव्याच्या त्या एका वाक्यापायी हे दुसरं सुचलंच नाही. उरलेली सराई आता धोक्याची ठरली, सोमवारी पाडणार.

बाबांना सांगितलं.

‘म्हणजे धरून होतं तर.’

मी हो म्हटलं. आज किती दिवसांनी बाबा पोटभर जेवले.