त्याच्या उंचीची सीट

प्रिय दीडवीत,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क एकाच माणसाला होता आणि तो आता नाही, म्हणून नाव उसनं घेते आहे. रागावू नकोस. आधी ‘सूनबाई’ लिहून पाहिलं, तर कागदावर सासू येऊन बसली. नुसतंच ‘प्रिय’ लिहिलं, तर सभेचं आमंत्रण वाटायला लागलं. तू त्याला शिडी म्हणायचीस, तो तुला दीडवीत म्हणायचा, आणि तुम्ही दोघं एकदम दारातून आत आलात की मला वाटायचं, घरात उद्गारचिन्हच शिरलं: वर लांब रेघ, खाली एवढंसं टिंब. रेघ गेली. टिंबाला मी कशी जपू, ते मला कळत नाही, म्हणून हे पत्र.

एकाच छताखाली राहून पत्र लिहिणारी बाई वेडी म्हणायची. पण परवा सायकलीच्या विषयावर मी तोंड उघडलं आणि तू हातातलं भांडं ओट्यावर आपटून म्हणालीस, “आई, हे सभागृह नाही. इथे टाळ्या मिळायच्या नाहीत.” खरं सांगते, तो असता तर त्याने तेवढ्यात टाळी वाजवली असती. तू बरोबर बोललीस. आयुष्यभर मी व्यासपीठावरून बोलत आले. कारखान्याच्या फाटकावर बोलले, पालिकेच्या दारात बोलले, आणि रस्ता फक्त मोटारवाल्यांच्या बापाचा नाही, चालणाऱ्याचा आणि सायकलवाल्याचाही आहे, हे तर घसा बसेपर्यंत बोलले. त्यामुळे आता तुझ्याशी साधं बोलायला गेले तरी आवाज चढतो, बोट वर जातं आणि तू उठून जातेस. कागदावर बोट वर जात नाही.

तुझा दुसरा टोमणा मात्र मला झोंबला. “बाहेर सांगता बायकांनो सायकल चालवा, घरात सांगता उतर खाली.” नाही ग. मी तुला सायकलवरून उतर म्हणतच नाही. तू सायकल चालव, रोज चालव, म्हातारी होईपर्यंत चालव. मी फक्त त्याच्या सायकलची सीट खाली घे म्हणते आहे. अख्ख्या भांडणात माझं मागणं एवढंच आहे, आणि एवढ्याशा मागण्यासाठी मी आजवर कुणाही अधिकाऱ्यापुढे जोडले नाहीत ते हात तुझ्यापुढे जोडते आहे.

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तू मला दिसतेस. फाटकाच्या पायरीवर चढून तू सीटवर बसतेस, कारण जमिनीवरून तुला बसताच येत नाही. मग सायकल सुरू होते आणि तुझी कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलते. पॅडल खाली गेलं की तुझा पाय त्याच्यामागे धावतो, चवडा निसटतो, नुसती बोटं कशीबशी टेकतात. म्हणीत माणूस उंटावरून शेळ्या हाकतो, तू उंटावरून उंटच हाकते आहेस. सरळ रस्त्यावर हे निभतं. पण समोर कुणी अचानक थांबलं, तर सीटवरून पुढे सरकून पाय टेकायला जी क्षणभराची सवड लागते, ती त्या उंचीवर तुला मिळत नाही. आणि रस्ता सवड देत नाही, हे मी घसा फोडून लोकांना सांगत आले.

काल संध्याकाळी मी औषधांच्या दुकानासमोर उभी होते. तू मला पाहिलं नाहीस. चौकात पुढची रिक्षा थांबली, तू ब्रेक दाबलास, तो करकरला पण लागला नाही. तू पाय खाली टाकलास आणि खाली जमीन नव्हती. तू आडवी झालीस, आणि मागून बस येत होती. बसवाल्याने करकचून ब्रेक लावला, त्याचे ब्रेक चांगले होते म्हणून मी आज हे लिहिते आहे. मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाणारा माझा आवाज, आणि रस्ता ओलांडून तुझ्यापर्यंत पोहोचला नाही. तू उठलीस. खरचटलेल्या हाताकडे पाहिलं नाहीस, गुडघ्याकडे पाहिलं नाहीस. आधी सीटला हात लावून पाहिलास, हलली तर नाही ना. मग घरी येऊन मला म्हणालीस, “काही नाही, कपाटाचं दार लागलं.” मी हळद लावू का विचारलं, कारण दुसरं काही विचारायचं धाडस झालं नाही.

मला कळतं ग. ती सीट म्हणजे तो किती उंच होता याची खूण आहे. त्याचे सदरे घडी करून ठेवता आले, त्याच्या चपला ठेवता आल्या, पण तो जिवंत असताना जगात जिथवर पोहोचायचा ती जागा फक्त त्या सीटवर उरली आहे. ब्रेकची रबरंही तू बदलू देत नाहीस, कारण ती त्याच्या हातांनी बसवली होती. पण तीच रबरं झिजून त्यांच्या खाचा नाहीशा झाल्या आहेत, ब्रेकचा दांडा दाबला की हँडलला जाऊन टेकतो. त्याने ती बसवली ती तुला थांबवायला. ती आता तुला थांबवत नाहीत. मग त्यात त्याचं असं काय राहिलं?

तू चष्म्याच्या काचा घासतेस. कुणाच्या डोळ्याला कोणती काच, कुणाच्या नाकावर फ्रेम किती वर बसली पाहिजे, हे केसाइतकं मोजून देतेस. मला एवढंच सांग, गेलेल्या नवऱ्याचा चष्मा घालून एखादी बाई तुझ्या दुकानातून रस्त्यावर निघाली, “हा त्यांचा आहे, मी नंबर बदलणार नाही” म्हणाली, तर तू तिला जाऊ देशील? तू दारात आडवी उभी राहशील. आज मी दारात उभी आहे.

आजारपणाच्या शेवटच्या दिवसांत तो जिन्याखाली खुर्ची टाकून बसायचा आणि सायकलची कामं माझ्याकडून करून घ्यायचा, आठवतं? तू कामावर असायचीस, तुला संध्याकाळी फक्त माझे काळे हात दिसायचे. मी चेन पुसता पुसता कुठल्या तरी ठरावाबद्दल बोलायला लागले की तो म्हणायचा, “आई, भाषण नको, पॅडल उलटं फिरव.” चेन आधी कोरड्या फडक्याने पुसायची, मग आतल्या बाजूने तेलाचे थेंब सोडत पॅडल उलटं फिरवायचं, मग वरचं तेल पुन्हा पुसून टाकायचं, नाहीतर धूळ चिकटते. तेल रिमला लागू द्यायचं नाही, ब्रेक घसरतो. बाहेर पडण्याआधी टायर अंगठ्याने दाबून बघायचं, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघायची, मग पुढचं चाक जरासं उचलून सोडायचं आणि काही खडखडतं का ते ऐकायचं. श्वास लागायचा, पण हे सांगताना त्याचा आवाज अगदी शाळामास्तरासारखा व्हायचा. मला वाटायचं, हा वेळ घालवायला शिकवतो आहे. आता वाटतं, तो निरोप ठेवून जात होता, आणि पोस्टमन म्हणून त्याला मीच मिळाले.

आता जे सांगते ते सांगणार नाही असा मी त्याला शब्द दिला होता. तो शब्द आज मोडते आहे. तो सायकल घ्यायला गेला तेव्हा मी बरोबर होते. दुकानदार त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, “भाऊ, ही फ्रेम तुम्हाला लहान पडेल, गुडघे हँडलला लागतील.” तू पण नंतर तेच म्हणालीस, आठवतं? “गाढवावर उंट बसलाय.” त्या दुकानदाराने त्याच्या मापाची मोठी सायकल बाहेर काढून दाखवली होती. त्याने बघितलीसुद्धा नाही. म्हणाला, “मला नाही, घरात एक दीडवीत आहे, तिला बसली पाहिजे.” स्वतःपुरती सीट त्याने वर ओढून घेतली, दांड्यावर याच्यापुढे काढू नका अशी खूण असते तिथपर्यंत. मी म्हटलं, अरे, मग तिला आजच दे की. तर म्हणाला, “आधी मी रस्ता पाठ करतो. तिला चौकातून पाठवायचं नाहीये.”

म्हणून तो रोज सकाळी भटकायला जायचा. तुला वाटायचं व्यायाम. तो तुझ्या दुकानाचा रस्ता शोधत होता. मला येऊन सांगायचा: धोब्याच्या दुकानामागून कालव्याच्या काठाने जायचं, लाकडाच्या वखारीशी उजवीकडे वळायचं, तिथे ट्रक वळतात, त्यांच्या डाव्या बाजूला कधी घुसायचं नाही, मागे थांबायचं. पुढच्या गल्लीत मोटारी लावलेल्या असतात, त्यांच्यापासून एक दार उघडेल एवढं अंतर ठेवायचं. गटाराला चिकटून जायचं नाही, रस्त्यात आपली जागा ठामपणे घ्यायची, वळण्याआधी मान वळवून मागे बघायचं आणि हात दाखवायचा. हा रस्ता मोठ्या चौकातून जात नाही. ज्या चौकात तू काल पडलीस, तो तुझ्या वाटेवर यायलाच नको म्हणून तो उन्हातान्हात फिरला. रस्ता पाठ झाला आणि तो आजारी पडला.

म्हणजे ती सीट त्याची उंची जपत नाहीये, ग. ती तात्पुरती वर होती. ती खाली यायची वाट बघत होती.

आणि हेही ऐक, कारण लोखंड आपल्या दुःखासाठी थांबत नाही. सीटचा दांडा बराच काळ हलवला नाही, त्याला ग्रीस लागलं नाही, तर तो गंज धरून नळीत कायमचा अडकतो. मग तुला हवं असलं तरी तो खाली येणार नाही. आतल्या आत घट्ट धरून बसलेल्या गोष्टींचं असंच होतं. बघ, पुन्हा भाषण. खोडते, पण वाच.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आज हात दुखतो म्हणून तू बसने गेलीस आणि सायकल जिन्याखाली राहिली. तू गेल्यावर मी पाना, ग्रीस आणि नवी रबरं घेऊन खाली गेले. मनाशी म्हटलं, ती भांडेल, बोलणार नाही, चालेल, जिवंत राहून अबोला धरू दे. ब्रेकची जुनी रबरं काढली, ती या पत्राशेजारी, तुझ्या उशाशी रुमालात ठेवली आहेत. नवी बसवली, टायरला न घासता रिमलाच लागतात ना, ते दोनदा पाहिलं. चेन पुसली, तेल घातलं, पॅडल उलटं फिरवलं. हवा भरली. मग पाना सीटखालच्या नटाला लावला. आणि दीडवीत, माझा हात फिरेना. अध्यक्षांना खुर्चीवरून खाली उतरवणारी मी, सगळी दुपार त्या सीटला हात लावून जमिनीवर बसून होते. त्या सीटवर हात ठेवला की तो माझ्या शेजारी उभा असतो, होता तेवढाच उंच. मी पाना फिरवला की तो खाली जाणार होता. एक आई आपल्या मुलाला पुन्हा एकदा खाली कशी ठेवेल? तू हट्टी आहेस म्हणून मी रागावत होते. तू हट्टी नाहीस. मलाही जमलं नाही. पण कालची ती बस मला अजून दिसते आहे, आणि एक सीट वर ठेवण्यासाठी मी तुझा बळी देणार नाही. माझ्या एकटीच्याने होत नाही, तुझ्या एकटीच्यानेही होणार नाही, म्हणून मिळून करू. कपडे बदलत बसू नकोस, हे वाचून तशीच खाली ये. दांड्यावर जिथे त्याची उंची होती तिथे मी खिळ्याने एक रेघ कोरून ठेवली आहे, सीट खाली आली की ती नळीच्या आत जाईल, पण असेल तिथेच. नट तू सैल कर, सीट मी धरते. मग टाच पॅडलवर ठेवून बस, खाली गेलेला पाय सरळ झाला की तिथेच थांबवू आणि नट घट्ट आवळू. मी मागून धरलेलं असेल. सोडणार नाही.

तुझीच,
जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, हाताला काळं लागलेली,
आई