गाडी एकदम रेडी

३ फेब्रुवारी
संघमित्राचे दिवस भरत आले. जावई अमरदीप रेल्वेत, सदा लाइनवर. त्याला फोनवर सांगून टाकलं, तुम्ही निवांत ड्युटी करा. पोरीला कळा सुरू झाल्या की मोहन नगरला तिच्या दारात माझी बोलेरो उभी.
पुढचं चाक पंक्चर होऊन बसलंय. किरकोळ. स्टेपनी आहे. उद्या चहाआधी लावतो.

४ फेब्रुवारी
चहा झाला. जॅकवर गाडी उचलली, नट सोडायला गेलो तर चाकच फिरायला लागलं. गाडी खाली. नट सैल केले. परत वर, आणि या वेळी जॅक पूर्ण चढवला. काम ऐसपैस करावं.
बसलेलं चाक निघालं. स्टेपनी उचलली. एक भोक बोल्टवर बसलं की बाकीची सरकतात. ती जुळवली की पहिलं निसटतं. स्टील प्लांटमध्ये मी क्रेनवरून वितळलेल्या लोखंडाचं लॅडल, ती अजस्र बादली, इंचावर ठेवायचो. फरक एवढाच, तिथे उचलायचं काम क्रेन करायची.
रुक्मा म्हणाली, "जॅक थोडा खाली घ्या ना. कावून एवढं वर उचलून राहिले?"
बायकोला लोड हँडलिंगमधलं काय कळतं!

५ फेब्रुवारी
कंबर धरली. शेजारचा धर्मेंद्र फाटकावरून म्हणाला, "अंकल, मैं लगा दूँ?" नको म्हटलं. रिटायर झालोय, निकामी नाही.
पावर हाउसच्या बाजारातून रबरी हातमोजे आणले. ग्रिपचाच प्रॉब्लेम होता.
संघमित्राचा फोन. गाडी ठीक आहे ना, बाबा? एकदम रेडी, म्हटलं. तशी ती आहेच, एक चाक सोडून.

६ फेब्रुवारी
एका जागी बसवत नाही. फोन वाजला, धावत गेलो. बँकेचा निघाला. सारखा उठून गाडी बघून येतो.
संध्याकाळी चाक गुडघ्यावर घेतलं. दोन बोल्टांवर बसलं! नट घ्यायला हात सोडला. चाक घरंगळत थेट रुक्माच्या मेथीत.
ती मोडलेली मेथी वेचत बसली. ते जास्त लागलं.

८ फेब्रुवारी
काल दुपारी फोन आला. "बाबा, कळा सुरू झाल्या. निघाले का?" निघालोच, म्हटलं, आणि चाक उचललं. पुन्हा फोन. "कुठवर आले?" आलोच, म्हटलं. रुक्माने माझ्या हातून फोन हिसकावला. "बेटा, बाबाची वाट नको पाहू. तुझ्या शेजारच्या दामिनीले संग घे अन् ऑटोनं दवाखान्यात जाय. मी येऊन राहिली."
ती धर्मेंद्रच्या स्कूटरवर बसून गेलीसुद्धा. मी जरा थांबलो, एकदा शेवटचा ट्राय म्हणून. मग ऑटो केला.
नात झाली. दोघी बऱ्या आहेत. माझे हात काळे, म्हणून सिस्टरने बाळाला हात लावू दिला नाही.
संघमित्राने विचारलं, "बाबा, गाडी कुठं लावली?"
खाली जागा नव्हती, म्हटलं. जरा दूर लावली.
दुपट्याची घडी करत रुक्मा म्हणाली, "लय दूर. घरीच हाये."
मला वाटलं, पोरगी हसेल. ती छताकडे बघत म्हणाली, "मी बॅग घेऊन पायरीवर बसून होती, बाबा. लय वेळ."
मी हात धुवायला नळावर गेलो. ग्रीस लवकर निघत नाही. बराच वेळ तिथेच उभा होतो.